जुनी मालिका पुन्हा का पाहावीशी वाटते?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



गेल्या वर्षी ह्याच व्यासपीठावरून मधुमेहावर व्याख्यान झाले, त्याच्या आदल्या वर्षी मृत्युपत्र कसे करावे ह्यावर. त्या मानाने चिटणीसबाईंनी मला दिलेला विषय फारच हलका वाटेल. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ह्याच विषयावरून आपल्यात दोन तट पडले होते, हे पुष्कळजणींना आठवत असेल. आपल्यापैकी काही ज्येष्ठ बायका 'टिपरे' आणि 'चिमणराव' ह्यांच्या गोष्टी रंगवून सांगत होत्या. तेव्हा एक तरुण सून हसून म्हणाली, "काकू, तुम्हांला ती मालिका आवडत नाही. तुम्हांला तुमचे तरुणपण आवडते." सर्वजणी हसल्या. मीही हसले, पण वाक्य मनात राहिले, कारण ते अगदीच खोटे नव्हते.

तरी ते पुरते खरेही नाही, असे माझे म्हणणे आहे. आमच्या तरुणपणी टीव्हीवर काय थोडे कार्यक्रम होते? मुंबईचे केंद्र वरळीला 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. नाटके झाली, मुलाखती झाल्या, चर्चा झाल्या, वनस्पती तुपापासून कुटुंबनियोजनापर्यंत सर्व काही आम्ही पाहिले. दुसरी वाहिनीच नव्हती तर न पाहून सांगता कोणाला? त्यांतले कितीतरी आज नावानेसुद्धा आठवत नाही. तरुणपणाची माया हेच कारण असते, तर ते सगळेच आठवावयास हवे होते. शिवाय माझ्या नातीचा जन्म 2009 चा. तिला आबा टिपऱ्यांच्या काळाची आठवण असण्याचे कारण नाही. तरी ती जेवताना फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून 'श्रीयुत गंगाधर टिपरे' पाहते, आणि काय होणार हे पाठ असलेला भाग पुन्हा लावते.

काय होणार हे पाठ असून पुन्हा लावते, ह्यातच मला सगळे गुपित दिसते. गोष्ट पुढे काय होणार म्हणून आपण एकदा पाहतो. दुसऱ्यांदा पाहतो ते माणसासाठी. घटना एकदा घडून गेली की शिळी होते. माणसाचा स्वभाव रोज ताजा असतो. आपल्या घरातली सासू, दीर, जाऊ कोणत्या प्रसंगी काय बोलणार हे आपल्याला आधीच ठाऊक असते, आणि ते तसेच बोलले की रागही येतो आणि हसूही. मालिकेतले माणूस ह्या पदाला पोहोचले की त्याला मरण नाही.

आता चिमणरावच घ्या. चिं. वि. जोशी बडोद्याला पाली भाषेचे अध्यापक. त्यांनी चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही जोडी कागदावर उभी केली ती टीव्ही भारतात येण्याच्या पुष्कळ आधी. 1940 साली त्यांच्या कथेवरून 'लग्न पहावे करून' हा चित्रपटही निघाला. म्हणजे सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ होऊन आपल्या घरात आले, तेव्हा मराठी वाचकांनी ती जोडी कित्येक वर्षे वापरून, पारखून घेतली होती. 1979 साली पुन्हा त्याच दोघांचा चित्रपट निघाला. 'गोट्या' ना. धों. ताम्हनकरांच्या पुस्तकातला. टिपरेआजोबा तर प्रभावळकरांनीच आधी 'अनुदिनी' ह्या वृत्तपत्रातल्या सदरातून रंगवले, आणि मग 2001 पासून केदार शिंदे ह्यांच्या दिग्दर्शनाखाली ते अल्फा मराठीवर आले. हिंदीत पाहा, 1987 ची 'मालगुडी डेज' आर. के. नारायण ह्यांच्या कथांवरची. 'रामायणा'बद्दल तर बोलावयासच नको. पुष्कळ टिकलेल्या मालिकांची माणसे अशी आधी दुसऱ्या कोणाच्या हाताखालून शिजून आलेली असतात. नव्या कुकरमध्ये डाळ लवकर शिजते हे खरे, पण मी आधी भिजत घातलेल्या डाळीविषयी बोलते आहे.

कोणी म्हणेल, रहस्यकथेचे काय? तिच्यात तर घटना हेच सर्वस्व. मग 1993 ची बासू चटर्जींची 'ब्योमकेश बक्षी' लोक अजून का पाहतात? खुनी कोण हे आता घरातल्या मांजरालाही ठाऊक झाले असेल. पण रजित कपूर धोतराचा सोगा सावरून बसतो, तो अजित त्याच्याशी हुज्जत घालतो, आणि सत्यवती होऊन आपली सुकन्या कुलकर्णी चहा घेऊन येते, ते घर पुन्हा पाहावेसे वाटते. त्याच सुकन्याबाई पुढे 1999 साली 'आभाळमाया'तल्या सुधा जोशी झाल्या. नवऱ्याने दुसरीकडे मन गुंतवले तरी कॉलेजात ताठ उभी राहून शिकवणारी ती प्राध्यापिका आपल्या मुलुंडमध्ये किती घरांत चर्चिली गेली, ते मला वेगळे सांगावयास नको. मंडळाच्या भिशीला पैसे कमी आणि सुधाविषयी मते जास्त जमत असत.

स्वभाव एकदा जिवंत झाला की तो लेखकाच्याही हाती राहत नाही. 7 जुलै 1984 ला सुरू झालेल्या 'हम लोग'मध्ये भागवंती ही सोसणारी आई दाखवली, ती बायकांनी असे मुकाट सोसू नये हा धडा मिळावा म्हणून. शेवटी अशोककुमार येऊन समजावूनही सांगत. तरी पुढे अभ्यासकांनी प्रेक्षकांना विचारले, तेव्हा पुष्कळांना भागवंतीच आदर्श आई वाटल्याचे दिसून आले! मला ह्यात प्रेक्षकांचा दोष दिसतो त्यापेक्षा आपल्या घरांचे चित्र जास्त दिसते. आणि जवळचे उदाहरण हवे तर गोरेगावचे गोकुळधाम पाहा. 'तारक मेहता का उल्टा चष्मा' 2008 साली सुरू झाली, चार हजारांवर भाग झाले. दयाबेनचे काम करणारी दिशा वकानी 2017 साली मालिकेबाहेर गेली, त्यानंतर कित्येक वर्षे लोक विचारत राहिले, "दया कधी येणार?" गोष्टीत काय अडले आहे असे कोणी विचारले नाही. शेजारीण माहेरी जाऊन बरेच दिवस झाले म्हणजे आपण विचारतो, तसे विचारले.

येथपर्यंत माझे म्हणणे पुरुषांनाही मान्य होईल. आता मी जे सांगणार आहे ते फक्त बायकांच्या सभेतच सांगता येईल.

आपल्यापैकी किती जणींनी ह्या जुन्या मालिका खरोखर पाहिल्या? हात वर करू नका, मीच सांगते. आपण त्या ऐकल्या.

आमची जागा दोन खोल्यांची. बाहेरच्या खोलीत लाकडी शटरचा टीव्ही, त्याच्यावर विणलेला रुमाल आणि फुलदाणी. समोर खुर्चीवर मामंजी, पलंगावर ह्यांचे मित्र, खाली सतरंजीवर मजल्यावरची सारी मुले. ओटा आतल्या खोलीत, आणि मधल्या दारावर पडदा. केंद्र संध्याकाळचे लागे, आणि संध्याकाळ ही कणीक मळण्याची वेळ. रविवारी सकाळी साडेनऊला 'रामायण' लागे, 25 जानेवारी 1987 पासून 31 जुलै 1988 पर्यंत. त्या वेळी बाहेर पंधरा माणसे हात जोडून बसलेली असत आणि त्या पंधरा माणसांना चहा लागे. तो चहा काही वाल्मीकी करून देणार नव्हते. मी कधी पिठाच्या हाताने पडदा बाजूला करून दाराशी उभी राहत असे, इतक्यात कुकरची शिट्टी होई. मंथरा आली हे मला ललिता पवारांच्या आवाजावरून कळे. बाहेर बायका डोळ्यांना पदर लावीत, तेव्हा मी दूध उतू जाऊ नये म्हणून पातेल्याकडे पाहत असे.

ही तक्रार म्हणून सांगत नाही. घरोघरी तसेच होते आणि कोणी कोणाला मुद्दाम आत ढकलले नव्हते. पण ह्यावरून मला एक गोष्ट उमगली. जे कार्यक्रम ऐकूनसुद्धा कळत, ते आमच्या मनात राहिले. मुंबई केंद्राच्या पहिल्या काळातली बरीच मंडळी रंगभूमीवरून आणि आकाशवाणीवरून आलेली होती. 1976 साली दूरदर्शन वेगळे होईपर्यंत टीव्ही हा आकाशवाणीचाच भाग होता. त्यांच्याजवळ मोठे सेट नव्हते, बाहेर जाऊन चित्रण करण्याची ऐपत नव्हती. मागे रंगवलेला पडदा आणि पुढे दोन खुर्च्या. मग शब्दांवर सगळा भार. 'गजऱ्या'तली एखादी छोटी नाटिका पोळपाटावर लाटणे फिरवता फिरवता ऐकावी आणि नेमक्या जागी हसावे. बाहेरचे आणि आतले हसणे एकाच वेळी होई. एकाच वाक्याला भिंतीच्या दोन्ही बाजूंना माणसे हसणे हे लेखकाचे फार मोठे यश आहे.

आता पाहा. अलीकडच्या पुष्कळ मालिकांत एक बाई दार उघडते, तिच्या चेहऱ्यावर तीनदा प्रकाश पडतो, ढोल वाजतात, आणि शब्द एकही नाही. ओट्यापाशी उभ्या असलेल्या बाईला काय कळावे? तिला वाटते भांडे पडले. मी नव्यांची निंदा करीत नाही. जुन्यांतही कंटाळवाणे पुष्कळ होते, शिवाय मधूनच 'व्यत्यय' अशी पाटी लागून पंधरा पंधरा मिनिटे आम्ही त्या पाटीकडेच पाहत बसत असू. आणि बायकोच्या कटकटीवरचे विनोद तर इतके, की आज ऐकताना कान टवकारतात. ते टिकले नाहीत तरी मला वाईट वाटणार नाही.

तर ऐकलेल्या मालिकेत पाहावयाचे राहून गेलेले असते. ही उधारी पुष्कळ घरांत तशीच राहिली होती. 2020 च्या मार्चमध्ये सारे बंद झाले, आणि 28 मार्चपासून दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा लावले, सकाळी नऊ आणि रात्री नऊ. 16 एप्रिलच्या भागाला 7 कोटी 70 लाख प्रेक्षक होते असे दूरदर्शनने जाहीर केले. वर्तमानपत्रांतून लिहून आले की लोकांना जुन्या आठवणी आल्या. लोकांना आल्या असतील. माझ्या घरी मुलगा आणि सून दोघेही घरूनच नोकरी करीत होती, कामाला येणारी बाई येऊ शकत नव्हती. काम दुप्पट झाले होते. मुलाने पहिल्याच आठवड्यात स्वतःहून रात्रीची भांडी घासावयास घेतली. आत नळ वाहत होता आणि मी बाहेर खुर्चीवर बसले होते. एवढ्या वर्षांत हे दोन आवाज मी ह्या बाजूने कधी ऐकले नव्हते. त्या रात्री मी मंथरेचा चेहरा पाहिला. कैकेयीच्या कानाशी लागताना ललिता पवार एक डोळा कशा बारीक करतात, ते मी तेहतीस वर्षांनी पाहिले. कोणी ह्याला पुनःप्रक्षेपण म्हणो. मी ते प्रथमच पाहिले. सात कोटी सत्तर लाखांत माझ्यासारख्या किती असतील, ते कोणी मोजलेले नाही.

म्हणून त्या तरुण सुनेला माझे सांगणे असे, की बाई ग, आम्हांला आमचे तरुणपण परत नको आहे. तेव्हा जे पडद्याआडून ऐकले ते आता पुढे बसून पाहावयाचे आहे.

ह्या दृष्टीने मला दोन कार्यक्रमांचा फार आदर वाटतो. एक 'दामिनी', 1997 ची, मराठीतली पहिली दैनंदिन मालिका. प्रतीक्षा लोणकर पत्रकार झाल्या होत्या. ती दुपारी लागे, पुरुषमाणसे कचेरीत आणि ओटा आवरलेला असताना. टीव्हीसमोरची खुर्ची पहिल्यांदा रिकामी मिळाली ती त्या मालिकेमुळे. दुसरा 'होम मिनिस्टर'. 2004 पासून 2022 पर्यंत आदेश बांदेकर घरोघर फिरले. पुष्कळ सुशिक्षित लोक त्याला नाके मुरडीत. खेळ पोरकट होते हे मलाही मान्य. पण तेथे घरची बाई बाहेरच्या खोलीत मधोमध बसे, आणि मामंजी, दीर, नवरा भिंतीला टेकून उभे असत. ती काय बोलते हे ऐकण्यासाठी सारे गप्प राहत. अठरा वर्षे तो चालला तो काय केवळ पैठणीमुळे? पैठणी दुकानातही मिळते.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. टिकण्यासाठी आधी जपून ठेवावे लागते. अमेरिकेत 1951 साली 'आय लव्ह ल्यूसी' सुरू झाली, ती त्यांनी सिनेमाच्या फिल्मवर घेतली. खर्च जास्त आला, पण पुढे ल्यूसीचे काम करणारी ल्यूसिल बॉल बाळंतपणासाठी रजेवर होती तेव्हा जुने भाग पुन्हा दाखवता आले, आणि पुनःप्रक्षेपणाची रीत रुळली. उलट इंग्लंडात बीबीसीने साठ-सत्तरच्या दशकांत टेप महाग म्हणून त्याच टेपांवर नवे कार्यक्रम भरले. 'डॉक्टर हू'सारख्या लाडक्या मालिकेचे कितीतरी भाग त्यात कायमचे पुसले गेले. आपल्याकडेही पुष्कळ कार्यक्रम थेट प्रक्षेपित होऊन हवेत विरले. म्हणजे आज जे 'अमर' म्हणून आपण मिरवतो, त्यांत गुणांइतकाच कपाटाच्या कुलुपाचाही भाग आहे. मुरांबा कितीही चांगला झाला, तरी बरणीला दादरा बांधावाच लागतो. नाहीतर पुढच्या वर्षी चवीची नुसती वर्णनेच उरतात. आपल्यापैकी कोणाकडे जुन्या व्हिडिओ कॅसेट पडून असतील तर त्या भंगारात देण्यापूर्वी एकदा मंडळाला कळवावे. त्यांना बुरशी लवकर धरते, आणि त्या चालवणारी यंत्रेही आता फारशी उरलेली नाहीत.

आता कार्यकारिणीपुढे माझी एक सूचना आहे, आणि अध्यक्षाबाईंनी ती आजच विचारात घ्यावी अशी विनंती आहे. मंडळाच्या सभागृहात गेल्या दिवाळीला घेतलेला मोठा टीव्ही आहे. तो वर्षातून दोनदा लागतो. दर गुरुवारी दुपारी चार वाजता त्यावर जुन्या मालिकेचा एक भाग लावावा. एकच भाग. कितीही आग्रह झाला तरी दुसरा नाही. पुढचा पुढच्या गुरुवारी. आठवडाभर वाट पाहण्यात आणि जिन्यात उभे राहून त्यावर बोलण्यात जी गंमत होती, ती तरुण मुलींनाही कळू द्या. सुरुवात 'टिपऱ्यां'पासून करावी, कारण ते नात आणि आजी दोघींनाही चालतात. ज्या भगिनींचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी पुढची ओळ राखावी.

आणि चहाविषयी. तो भाग सुरू होण्यापूर्वी थर्मासमध्ये भरून सभागृहात आणून ठेवावा. ज्यांच्याकडे त्या दिवशीचे काम असेल त्यांनीही खुर्चीवर बसावयाचे आहे; कप ज्याने त्याने उचलून घ्यावे. पहिल्या गुरुवारचे दूध मी आणीन.